बिनआवाजाचा वेफर

...आणि वर बायको मलाच विचारते, "कसा लागला?" आता कसा लागला म्हणजे काय सांगू? लागायला त्याने तोंडात गेल्यावर काहीतरी करायला तर हवं ना! वेफर म्हणता ना तुम्ही त्याला, मग वेफरने वेफरसारखं वागावं की नको? तोंडात घातला, दात लावले, दाबले... आणि काही नाही! शांतता! कुणी गेल्यावर दोन मिनिटं उभं राहतात ना, तसली शांतता! रंग म्हणाल तर बीटाचा, लालचुटुक. वास आहे, मीठ आहे, वरून मिरपूड भुरभुरवलीय... सगळं आहे हो! पण आवाज कुठंय?

तुम्ही म्हणाल, ह्या माणसाला आवाजाचं एवढं काय पडलंय? खाल्लं, गिळलं, विषय संपला. तसं नाही. तुम्हाला सांगतो, मी आवाज करतो. हसू नका! पोटापाण्यासाठी करतो. नाटक कंपनीत आहे मी. स्टेजवर दार वाजतं, ते मी वाजवतो. घोडा येतो, तो मी येतो... म्हणजे घोडा नसतोच, मी असतो, विंगेत, हातात दोन करवंट्या घेऊन. वादळ मी, आगगाडी मी, फुटलेली काच मी. व्हिलनच्या कानाखाली बसते ना, ती खातो व्हिलन आणि वाजवतो मी. आता हे सगळं यंत्रातून निघतं, मला माहितीय, पण आमचे दिग्दर्शक जुन्या वळणाचे. ते काय म्हणतात, (इथे जरा मान वर करून, डोळे मिटून) "रेकॉर्ड केलेली आग मला थंड लागते." संपलं! म्हणजे आग मी लावायची.

आणि आग कशाची होते, माहितीय? वेफरची! बटाट्याच्या, चांगल्या तळलेल्या वेफरची! मूठभर घ्यायचे, माइकजवळ न्यायचे आणि हळूहळू आवळायचे... चट्... चर्र... चट्चट्... अहो, पुढच्या रांगेतली माणसं गळ्यातले मफलर सैल करतात! वाळक्या पानांवरून चोर चालतो, तेव्हा खाली वेफर आणि वर माझा बूट. मारामारीत हाड मोडलं की पाच-सहा वेफर एकावर एक ठेवायचे आणि कचकन... बायका डोळे मिटून घेतात. आता पाकीट फोडलं की उरलेल्यांचं काय करायचं? टाकायचं? अन्न आहे ते! मी खायचो. बुटाखालचे नाही हो, काहीतरीच काय! मुठीतले आणि पाकिटातले. वर्षानुवर्षं. तिसऱ्या अंकात घर जळायचं आणि विंगेत माझं पोट भरायचं.

व्हायचं तेच झालं. जिना चढताना धाप लागायला लागली. बायकोने धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर एकदम मऊ आवाजाचे, वाईट बातमीसुद्धा थोपटत सांगणारे. "काय काय खाता हो दिवसभरात?" मी म्हटलं, "घरी की कामानिमित्त?" त्यांनी चष्मा काढला. मग सगळं सांगितलं. आग, चोर, हाडं. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हंऽऽ... आवाज काही बरोबर नाही हो." ऐका! मला! आयुष्यभर जगाचे आवाज काढले आणि माझाच आवाज नापास! "तळलेलं बंद," म्हणाले. "आजपासून. गंमत नाहीये ही." आणि हे माझ्याकडे बघून नाही, बायकोकडे बघून.

आता बायकोचं तुम्हाला सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी बायको चपला-बुटांच्या एका मोठ्या दुकानात विक्रीला होती. लग्नाआधीपासून. दुकान म्हणजे तिचा जीव. आणि घरात असली की काय आवाज असायचा, वा! कपाटाचं दार धाडकन लावणार, किल्ल्या टेबलावर फेकणार, बहिणीशी फोनवर बोलताना फोनची गरजच नाही, खिडकी उघडली तरी बहिणीला ऐकू जाईल! आणि गिऱ्हाइकांच्या नकला... "अहो, उजवा बसतोय पण डावा चावतोय!" आणि मग एक दिवस ते दुकान बंद झालं. मालक म्हातारे झाले, मुलांना रस नव्हता. झालं. ही घरी आली, पर्स खुंटीला अडकवली... आणि गप्प झाली.

रडली नाही, चिडली नाही. नुसती गप्प. कपाटाचं दार असं लावायची, जसं काही आत कुणी झोपलंय. किल्ल्या हळूच ठेवायची. मला दुसरं काही कळत नाही हो, पण आवाज कळतो. घरात पाऊल टाकलं की भांड्यांवरून मला अंदाज यायचा आज मूड काय आहे. आता भांडीच बोलेनात. मी काय काय केलं! स्वयंपाकघरात घोडा आणला, आगगाडी आणली, दाराबाहेर उभं राहून वादळ केलं. ती म्हणायची, "छान." छान! पूर्वी म्हणायची, "बंद करा तो कालवा, डोकं उठलंय माझं!" मला भीती वाटायला लागली होती, खरं सांगतो. मनातल्या मनात एकच म्हणायचो, देवा रे, काही नको मला, पण घरात पुन्हा आवाज येऊ दे.

आणि डॉक्टरांकडून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी... खडाण्! आतून. मी दचकलो. बघतो तर हिने माळ्यावरून ओव्हन काढलाय! तो ओव्हन आम्हाला लग्नात आला होता आणि आजवर त्यात आम्ही फक्त जुने पडदे ठेवले होते. पडदे जमिनीवर, ओव्हन ओट्यावर, आणि ही बीटाच्या चकत्या करतेय. सपासप. ट्रे आपटतेय. आणि काय सांगू तुम्हाला... गुणगुणतेय! बेसूर! आमच्या हिला सूर कधी लागलाच नाही, पण त्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसून ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, उलटं होतं ते, पण धरलं.

आणि मग ती बाहेर आली. हातात बशी, खांद्यावर टॉवेल, कपाळावर बीटाचा डाग. "घ्या. बीट, गाजर, रताळं. तळायचं नाव नाही. ओव्हनमधून काढलेत, बघा." आणि समोर उभी राहिली. गिऱ्हाइकाने बूट घातल्यावर दुकानात उभी राहायची ना, अगदी तशी, मान जरा तिरकी करून. मी एक उचलला. बीटाचा. तोंडात घातला. दाबला.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. शांतता! अहो, तो मोडतच नाही! वाकतो! दातांशी वाद घालत नाही, नमतं घेतो बिचारा! चव वाईट नाही, गोडसर, मातकट, मिरी जिभेला लागते... सगळं आहे हो, पण आवाज कुठंय? आणि ती म्हणाली, "कसा लागला?"

तुम्ही काय केलं असतं? नाही, सांगा ना! इतक्या महिन्यांनी गुणगुणलेल्या बायकोला तुम्ही सांगितलं असतं, की बाई, तू वेफर नाही केलास, तू बुटाच्या आतला मऊ तळवा केलास? मी म्हणालो, "वा!" तेवढ्यावर थांबावं ना? नाही! वर म्हणालो, "काय कुरकुरीत झालाय!"

बास! मग काय विचारता! रोज नवीन. पालकाचे झाले, भोपळ्याचे झाले, मुळ्याचे झाले. मुळ्याचे, अहो! ते तोंडात घातले की आपण काय गुन्हा केला होता ते आठवायला लागतं. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांनीही खाल्ले आणि म्हणाल्या, "जावईबापू, छान कुरकुरीत आहेत हो!" आता सासूबाईंना अजिबात ऐकू येत नाही. म्हणजे कुरकुरीतपणाचे साक्षीदार कोण, तर एक बहिरी आणि एक खोटारडा!

मी उपाय करून पाहिले. गपचूप खिडकीत उन्हात ठेवले, पंख्याखाली ठेवले. म्हटलं, कडक होतील. उन्हात जरा ताठले, घरात आणले की पुन्हा मान टाकली. तालमीला नेले, म्हटलं बघू तरी, आगीला चालतात का. तिसरा अंक, घर पेटलं, नायिका किंचाळली, मी मूठ आवळली... दिग्दर्शक म्हणाले, "आग?" मी म्हटलं, "लागलीय." म्हणाले, "कुठे?" मी पुन्हा आवळली. ते म्हणाले, "अरे, घर जळतंय की घामेजलंय?" निमूटपणे पुन्हा बटाट्याचं पाकीट आणलं. फक्त कामासाठी. खाल्ले नाहीत. म्हणजे... दोन. बरं, चार.

आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, मी तुमच्या थिएटरच्या मॅनेजरबाईंना फोन केला होता. कॅन्टीनला वेफर ठेवता का विचारलं. त्यांनी उद्या नमुने घेऊन बोलावलंय." माझ्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही मॅनेजरबाईंना ओळखत नाही. उंच, सडपातळ, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला? वाजवायला! एकदा नायक उशिरा आला, तर बाईंनी त्याला त्याच्याच नाटकाचं तिकीट काढायला लावलं होतं आणि मग आत सोडला. गोड बोलणं त्यांना माहीतच नाही. ह्या बाई माझ्या बायकोचा वेफर तोंडात घालणार, आवाज येणार नाही, आणि मग त्या जे बोलणार... ऑर्डर गेली तर गेली हो, ऑर्डरचं मला काही नाही. पण ती गुणगुण गेली तर? एकदा गेली होती, परत यायला किती महिने लागले ते मला विचारा. दुसऱ्यांदा गेली तर मला नाही वाटत ती परत आली असती.

खरं सांगून टाकावं म्हणून सकाळपासून तोंड उघडत होतो. पण ती गुणगुणत साडीला इस्त्री करत होती. दुकानात जाताना नेसायची ती साडी. मी तोंड मिटलं. आणि मग... माझ्या डोक्यात आमच्या धंद्याचं डोकं चाललं. म्हटलं, अरे, थोबाडीत मारणारा एक, खाणारा एक, आणि आवाज तिसऱ्याचा, हे तू आयुष्यभर करत आलास ना? मग चावणाऱ्या मॅनेजरबाई, वेफर बायकोचा, आणि आवाज... आलं लक्षात?

गेलो! तिच्याआधी थिएटरवर पोचायचं होतं, पण रस्त्यात वेफरचं पाकीट घ्यायला थांबलो आणि उशीर झाला. पोचलो तर दोघी आत हॉल बघायला गेल्या होत्या. कॅन्टीनच्या काउंटरवर हिचा डबा. मी सुर्रकन काउंटरच्या खाली! एका बाजूला बाटल्यांचे क्रेट, दुसऱ्या बाजूला फ्रिज, तो कानात घूंऽऽ करतोय, मध्ये मी, गुडघे हनुवटीला. काउंटरला पुढून फळ्या मारलेल्या, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. फटीतून वर बघितलं की समोर उभ्या माणसाची हनुवटी दिसते आणि हात दिसतो. मला तेवढंच लागतं! पाकीट फोडलं... हळू, दातांनी, आवाज न करता. ही कला आहे, सगळ्यांना नाही जमत. मूठ भरली. तयार.

दोघी आल्या. एका बाजूला हिच्या चपला, एका बाजूला बाईंचे बूट. बाई म्हणाल्या, "बघू." बोटं खाली आली, डब्यातून बीट उचलला, वर गेला, हनुवटी हलली आणि मी...

कुर्रुम!

काय टायमिंग, काय टायमिंग! दातावर दात आणि मुठीवर मूठ! बाई थांबल्या. मी थांबलो. त्यांनी हातातला उरलेला वेफर डोळ्यांसमोर धरला. मी म्हटलं, जिंकलो! आश्चर्य वाटलंय बाईंना! पुन्हा चावल्या... कुर्रुम. मग जरा चघळल्या... कुरुम कुरुम कुरुम... बारीक, ओला, गालाच्या आतला असतो तसा, मुद्दाम थोडे वेफर तळहातावर चुरून काढला तो. त्या हळू झाल्या, मी हळू. त्या थांबल्या, मी थांबलो. मग त्यांनी गाजराचा घेतला. गाजराला मी पातळ आवाज दिला, जरा किणकिणता. रताळ्याला जाड, भरीव. अहो, मला स्वतःलाच वाटायला लागलं, काय सुंदर वेफर आहे हा! बाईंनी एक हाताने मोडून बघितला... कट्! तो मी दोन बोटांत दिला. मग त्यांनी वेफर कानाशी नेला. आता कानाशी नेलेल्या वेफरचा कसला आवाज काढायचा? मी आपलं हलकंसं... चर्र.

वर सगळं गप्प. बायकोही गप्प. मला वाटलं, आनंदाने शब्द फुटत नसेल. बाईंनी वेफर खाली ठेवला, हात पुसले. प्रयोग संपला. पडदा! आणि इथे माझा घात झाला तो सवयीने. आग विझली की मुठीतलं काय करतो मी वर्षानुवर्षं? हात आपला आपण तोंडाकडे गेला... भरला बकाणा... आणि त्या एवढ्या शांततेत,

कुर्रुम! कुर्रुम! कुर्रुम!

फटीतून हनुवटी गेली. आणि तिथे एक डोळा आला. बाईंचा.

उठलो. काय करतो? डोकं क्रेटला आपटलं, मिशीत चुरा, तोंड भरलेलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही? आमची आग?" मी मान हलवली. "इथे काय करताय?" आता तोंडातलं गिळल्याशिवाय बोलता येईना, आणि चावावं तर आवाज! तसाच अख्खा घास घशाखाली ढकलला आणि म्हणालो, "आवाज." बायकोकडे बघायची हिंमत होईना. म्हटलं, गेलं. मी माझ्या हातांनी घालवलं.

आणि बाई काय म्हणाल्या असतील? कंबरेवर हात ठेवून, शिट्टी हलवत, "अहो, शहाणे! तुमच्या मिसेसनी मला फोनवर पहिलं वाक्य काय सांगितलं माहितीय? 'बाई, माझ्या वेफरचा अजिबात आवाज येत नाही.' म्हणून तर बोलावलं मी त्यांना! परवा नायिका मरतेय, लोक रडताहेत, आणि चौथ्या रांगेत एकाने पाकीट फोडलं, कुरुम कुरुम कुरुम! ती पोरगी मरता मरता दोनदा उठून बसली! मला ह्या थिएटरात आवाज न करणारं खाणं हवंय हो! आणि इथे मी चावतेय तर हा दणदणाट! मला वाटलं, माझेच दात तुटताहेत!"

मी बायकोकडे वळलो. म्हटलं, "तुला... माहीत होतं? आवाज येत नाही ते?" ती म्हणाली, "अहो, मी बेसूर आहे, बहिरी नाही."

"मी 'वा' म्हणालो तेव्हा..."

"तुमचं खरं 'वा' पोटातून येतं. ते नाकातून आलं होतं. इतकी वर्षं आवाज करणाऱ्याशी संसार केलाय मी, मला कळणार नाही?"

"मग रोज का करत होतीस?"

टॉवेल नव्हता खांद्यावर, म्हणून पदराशी चाळा करत म्हणाली, "तुम्ही खात होता म्हणून. डॉक्टरांनी नळी लावून ते सांगितलं ना, त्या दिवसापासून रात्री उठून तुमचा श्वास ऐकायचे मी. घरी बसले होते, काही सुचत नव्हतं, आणि तुम्ही पण गेलात तर मी काय करू? मग म्हटलं, हा माणूस मुळ्याचे वेफरसुद्धा गिळतोय, म्हणजे ह्याला जगायचंय. मग करत राहिले."

तुम्हाला सांगतो, मला जगातले सगळे आवाज काढता येतात. पण तेव्हा मी नुसता तिचा हात धरला. तिच्या बोटांना बीटाचा रंग, माझ्या बोटांना तेल. तेल तिने पाहिलं, बरं का, आणि तेवढ्यातही डोळे वटारलेच! म्हटलं, चला, संसार ठीक चाललाय.

आणि हे सगळं चालू असताना बाई काय करत होत्या? आम्ही वळून बघतो तर डबा रिकामा! अख्खा! बीट, गाजर, रताळं, सगळं फस्त! आमच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून बाईने डबाभर वेफर खाल्ले आणि आम्हाला दोघांना पत्ता नाही! मी, ज्याला पडद्यामागची मांजर चालली तरी कळतं, त्याला पत्ता नाही! बाईंनी तोंड पुसलं, म्हणाल्या, "शनिवारपासून. मध्यंतराला. हॉलभर पुरतील एवढे. मुळा नको." आणि माझ्याकडे बोट करून, "आणि तळलेलं ह्या इमारतीत आलेलं मला चालणार नाही. विंगेतसुद्धा!"

घ्या! ऑर्डर मिळाली बायकोला, आणि माझी आग गेली! शनिवारी प्रयोग, तिसऱ्या अंकात घर जळणार, आणि माझ्या मुठीत काय? घामेजलेलं गाजर? दिग्दर्शकांना सांगितलं, ते खुर्चीत बसले ते उठेनात. मी कागद चुरगाळून पाहिला, तो कागदच वाटतो. सुक्या काटक्या आणल्या, त्या दोनदा मोडल्या की संपल्या. शुक्रवारी घरी आलो तर दारातच करपल्याचा वास! ओव्हनसमोर बायको, ट्रेमध्ये काळेकुट्ट कोळसे. मी म्हटलं, "अगं, विसरलीस का?" म्हणाली, "हात पुढे करा." मुठीत दिले, म्हणाली, "आवळा." आवळले...

चट्! चर्र! चट्चट्चट्!

अहो, काय आग! बटाट्याची आग तिच्यापुढे मेणबत्ती! कुणी चुकून तोंडात घातला तर थुंकेल, इतका कडू, म्हणजे माझी खायची सोयच राहिली नाही. तेव्हापासून रोज एक ट्रे ती मुद्दाम करपवते. माझ्यासाठी. आता ह्याला तुम्ही प्रेम म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, मला त्या वासाने भरून येतं.

शनिवार आला. मध्यंतर. मी विंगेतून, पडद्याच्या फटीतून बघतोय. हॉल भरलेला, प्रत्येकाच्या हातात हिचं पुडकं. तोंडं हलताहेत. गालफडं हलताहेत. एवढी माणसं खाताहेत आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल! तिसरा अंक सुरू झाला, तरी लोक खातच होते, आणि कुणाला कळत नव्हतं. सगळं आहे हो... पण आवाज कुठंय? आणि पहिल्यांदा मला त्या 'कुठंय'चा इतका आनंद झाला म्हणून सांगू! चौथ्या रांगेत एक गृहस्थ रडत रडत भोपळा खात होते. आणि मग घर पेटलं. मी मूठ आवळली. चट्... चर्र... काय पेटलं हो घर! पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी खुर्ची मागे सरकवली. नायिका पायरीवर कोसळली, शेवटचा श्वास, अख्खा हॉल स्तब्ध, नुसती माझी आग धुमसतेय... आणि त्या शांततेत, पहिल्या रांगेतून, खणखणीत,

"ही आग आहे ना, ती आमच्या ह्यांची! आणि तुम्ही खाताय ना, ते माझे!"

शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती! मागून कुणीतरी म्हणालं, "शूऽऽ!" तर ही मागे वळून, "शू काय? खा तुम्ही, आवाज नाही येत त्याचा!"

नायिका उठून बसली.

प्रयोग संपल्यावर मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "वेफर सगळे गेले. कायमचे ठेवतेय." मी म्हटलं, "फार उपकार झाले." म्हणाल्या, "फक्त एक. तुमच्या मिसेसना जरा..." आणि शिट्टीवर हात ठेवला. मी हात जोडले. म्हटलं, "बाई, घोडा थांबवतो, वादळ थांबवतो, म्हणाल तर आग विझवतो. तो आवाज नका हो माझ्याकडे मागू."

आता दर प्रयोगाला ती पहिल्या रांगेत असते. दर प्रयोगाला शेजारी नवीन माणूस असतो. दर प्रयोगाला नायिका मरायला टेकते, हॉल गप्प होतो, आणि मी विंगेत मूठ आवळून, डोळे मिटून वाट बघत उभा असतो... आली! काय करणार? आवाज परत यावा म्हणून मीच तर हात जोडले होते. पण मी आपला घरापुरताच मागितला होता हो!